भुईगावचा जपानी रेडिओ

ज्या गृहस्थांकडून मी रेडिओ घेणार होते, त्यांचा मला पहिल्या पाच मिनिटांतच राग आला. ओट्यावरच्या खुर्चीतून न उठता त्यांनी विचारलं, मिस्टर नाही आले का. मी म्हटलं, रेडिओ मला हवाय, मिस्टरांना नकोय. त्यावर ते नुसते माझ्या तोंडाकडे बघत राहिले. बायकांनी बोललेलं ऐकू न येणारे पुरुष मी कचेरीत ढीगभर पाहिले होते. हा त्यातलाच एक, असं मी मनात ठरवून टाकलं. मग त्यांची बायको दारात आली आणि म्हणाली की त्यांना कमी ऐकू येतं, जरा मोठ्याने बोला. मी तेच वाक्य मोठ्याने बोलले. मोठ्याने बोलल्यावर ते मला वाटलं होतं त्याहून बरंच उद्धट निघालं.

ते म्हणाले, बसा. मी तशाच मोठ्याने "थँक यू, अंकल" म्हणून बसले.

"अंकल नको, बाई. काका म्हणा. आम्ही मराठीच आहोत."

घरात येशूची तसबीर दिसली म्हणून मी अंकल म्हटलं होतं. चूक माझीच होती. पण माझी चूक कुणी शांतपणे दाखवली की मला जास्त चीड येते, तो ओरडला तर बरं वाटतं. त्या दिवशी मी काकाही म्हटलं नाही आणि अंकलही म्हटलं नाही. काही न म्हणताच सगळा व्यवहार केला.

हे नव्वदीच्या दशकाच्या अखेरचं. आम्ही दादरचं एकत्र बिऱ्हाड सोडून नालासोपाऱ्याला आलो होतो, त्याला दोन वर्षं झाली होती. नवऱ्याचा फंड आणि माझ्या कचेरीचं कर्ज, दोन्ही ओतून एक खोली, एक किचन घेतलं होतं. पाणी दिवसाआड, जिना अंधारा, आणि भिंती अशा की शेजारणीने कुकर लावला की शिट्ट्या मी मोजायच्या. मला ती जागा आवडत नव्हती आणि मी ते कुणापासून लपवतही नव्हते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी उभी राहिले की सेक्रेटरी आधीच घड्याळ बघायचे.

मला एकच नाद होता, शॉर्टवेव्ह ऐकण्याचा. सासरी त्याला खूळ म्हणत. साध्या रेडिओवर मुंबई लागते, फार तर सिनेमाची गाणी लागतात. शॉर्टवेव्हवर सगळं जग लागतं, पण ते शोधावं लागतं. काटा केसभर इकडे सरकला तर जपान, केसभर तिकडे सरकला तर नुसती शिट्टी. ऐकलेलं लिहून काढायचं, किती वाजता लागलं, कुठे लागलं, कसं लागलं, काय बोलत होते, आणि ते पत्राने त्या स्टेशनला कळवायचं. मग दोन-तीन महिन्यांनी त्यांच्याकडून पोचपावतीचं रंगीत कार्ड येतं. माझ्याकडे अशा कार्डांचा बुटाचा एक अख्खा खोका होता. कार्डावर माझं नाव इंग्रजीत टाइप केलेलं असे, खाली कुणाची तरी सही. घरात, कचेरीत, जगात कुठेच मला कुणी असं लिहून देत नव्हतं की तुम्ही नीट ऐकलंत.

नालासोपाऱ्याला आल्यापासून माझा ट्रान्झिस्टर बिनसला होता. कुठेही लावा, घरघर. दादरला जे आरामात लागायचं ते इथे ओळखूसुद्धा येईना. दोन वर्षांत मला एकही कार्ड आलं नाही, कारण पाठवण्यासारखं काही ऐकूच येत नव्हतं. स्टेशनजवळच्या एका रेडिओवाल्याकडे मी तो तीनदा नेला. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "भाभी, मशीन ओके आहे. इकडे सगळ्यांचं असंच येतं." मी त्याला म्हटलं, तुमचे कान तपासून घ्या. तो हसला नाही. मला दुकानातून घालवण्यासाठीच असेल, पण त्याने सांगितलं की भुईगावला एका बोटीवरच्या माणसाचा भारी जपानी सेट आहे, तो विकायचा आहे असं कानावर आलंय, तुम्ही तिकडेच बघा.

तो कसला सेट असेल हे मला त्याने केलेल्या वर्णनावरूनच कळलं. आकडे दाबले की थेट त्या जागी जाणारा, काटा नाही, शोधाशोध नाही. नवा घ्यायचा तर माझा चार-पाच महिन्यांचा पगार गेला असता, आणि इथे मिळतही नव्हता. त्या आठवड्यात माझं कचेरीत कशात लक्ष लागलं नाही. नवऱ्याशी मी तीन दिवस गोड बोलले, त्यावरून त्याला काहीतरी शिजतंय हे कळलं. दिवाळीच्या बोनसमधले बाजूला ठेवलेले पैसे घ्यायला त्याने नाही म्हटलं नाही. एवढंच म्हणाला की बोलताना जरा दमाने घे.

तर असं मी एका शुक्रवारी रजा टाकून, बसने, भर एप्रिलात भुईगावला गेले होते.

ओट्यावर डोक्यावर पंखा होता, पण तो लावलेला नव्हता. काकू पुठ्ठ्याच्या तुकड्याने वारा घेत होत्या. पाहुणा घामाने निथळतोय आणि यांच्याने पंखा लाववत नाही, हेही मी मनात टिपून ठेवलं. पाणी मात्र त्यांनी माठातलं दिलं. नवराबायको आपसात त्यांच्या बोलीत बोलत, ती मला अर्धीमुर्धी कळे. माझ्याशी बोलताना काका एकदम शाळेतल्या फळ्यावरचं मराठी काढत. बोटीवर ते इंजिनात होते. तीस वर्षं त्या धडधडाटात काढली आणि कान तिथेच राहिले, असं त्यांनी सांगितलं. ते तक्रारीच्या सुरात नव्हतं, नुसती माहिती होती.

रेडिओ त्यांनी लगेच आणला नाही. आधी माझी परीक्षा घेतली. काय ऐकता, कधीपासून ऐकता, सिनेमाची गाणी लावायला तर नको ना. मी कुठल्या वेळेला कुठलं स्टेशन कुठे लागतं याचे चार आकडे फेकले. त्यांनी मान हलवली, आत गेले, आणि तपकिरी चामड्याच्या पाकिटातला सेट घेऊन आले. पाकिटाच्या आत तो जुन्या मऊ गंजिफ्रॉकच्या कापडात गुंडाळलेला होता. मी हात पुढे केला तसे म्हणाले, आधी हात धुऊन या.

मी धुतले. पुस्तकाएवढा, काळा, वजनदार सेट होता तो. मी आकडे दाबले, आणि हॉलंड लागलं.

ते मी आयुष्यात इतकं स्वच्छ ऐकलं नव्हतं. बातम्या देणाऱ्याने कागद उलटला, तोही ऐकू आला. मग जर्मनी. मग ऑस्ट्रेलिया, जे मला दादरलाही कधी धड लागलं नव्हतं. त्या सेटला आणखी एक बटण होतं. दर्यातल्या बोटी एकमेकींशी जे बोलतात ते साध्या रेडिओवर बदकं भांडल्यासारखं येतं. ते बटण दाबलं की त्या बदकांची माणसं होत. दोन माणसं कुठल्या तरी बंदराच्या रांगेबद्दल कंटाळून बोलत होती आणि मी केळीच्या वाडीत बसून ती ऐकत होते. मला रडू येईल असं वाटलं.

पण मी चेहरा दगडासारखा ठेवला. भाव अजून ठरायचा होता. काकांना तर आवाज कळत नव्हता, ते रेडिओ कसा वाजतोय हे माझ्या तोंडावर वाचत होते. हे मला तेव्हाच समजलं होतं, म्हणूनच मी जास्त सांभाळून बसले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "आवडला नाही वाटतं."

मी सेल घालायची जागा उघडून दाखवली. पत्र्याच्या पट्टीवर हिरवट डाग होता. मी म्हटलं, हे बघा, सेल गळलेत, उद्या आतपर्यंत गेलं असेल तर काय. तसं काही नव्हतं, एवढं मलाही कळत होतं. मी मोठ्याने बोलत होते म्हणून शेजारच्या वाडीतल्या बाईनेही मान वर केली. काकांनी घासाघीस केली नाही. मी पाडून सांगितलेला भाव त्यांनी तसाच कबूल केला. म्हणाले, आठ दिवस इथेच राहू द्या, मी पट्टी साफ करून देतो, डागासकट देणार नाही. मी पैसे पाकिटात घालून त्यांना तेव्हाच देऊन टाकले, त्यांचं मन बदलायला नको म्हणून. बसमध्ये मी एकटीच हसत होते.

पुढच्या शनिवारी कचेरीतून परस्पर जाऊन मी सेट उचलला. परतीची बस वळून उभी होती, त्यामुळे तिथे लावून बघितला नाही. घरी आले, दाराला कडी घातली, चहासुद्धा न करता आकडे दाबले.

घरघर.

हॉलंडच्या जागी घरघर, जर्मनीच्या जागी घरघर. कुठेतरी तळाशी माणसाचा आवाज होता, गाळात रुतल्यासारखा. मी सेल बदलले. खिडकीत नेला, किचनमध्ये नेला, एरियल ग्रिलला बांधलं. बोटीवाल्यांच्या जागी तर नुसतं गिरणीचं जातं चालू होतं. दोन तास मी तो हातातून खाली ठेवला नाही. नवरा म्हणाला, आपला जुनाही असाच वाजतो ना.

"जुना बिघडलाय," मी म्हटलं. "हा बिघडवलाय."

रात्रभर मी तेच घोळवत होते. आठ दिवस सेट त्यांच्याकडे होता. डाग साफ करायला आठ दिवस लागतात का? मी भाव पाडला, तो मुकाट्याने कबूल केला, तेव्हाच मला संशय यायला हवा होता. आतलं चांगलं सामान काढून घेतलं आणि खोकं माझ्या गळ्यात बांधलं. म्हातारा वाटतो तसा साधा नाही. हात धुवायला लावतो मला. या जागेने, या इमारतीने, या गावांनी दोन वर्षं मला नुसतं फसवलंच होतं, आणि आता हा. मला तो रेडिओ किती हवा होता हे मी कुणाला सांगू शकत नव्हते, म्हणून रागच सांगत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. नवऱ्याला ओढत मी भुईगाव गाठलं. चर्चमधली मिस्सा आटोपून लोक परतत होते. वाडीच्या अरुंद रस्त्यावर माणसं चांगलेचुंगले कपडे घालून, पोरांचे हात धरून, गप्पा मारत चालली होती. काकाही पांढऱ्या इस्त्रीच्या सदऱ्यात ओट्यावर बसलेले. मला बघून चक्क उठले. कसा वाजतो, त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, तुम्ही आतलं बदललंत. त्यांना ऐकू गेलं नाही. मी पुन्हा म्हटलं. तेही गेलं नाही. ते हसतमुखाने माझ्याजवळ सरकले. तेव्हा मी सगळा जोर लावून बोलले.

"तुम्ही मला फसवलंत. चांगला दाखवलात आणि बिघडलेला दिलात."

रस्ता थांबला. खरंच थांबला. कुंपणाच्या पलीकडे माणसं जागच्या जागी उभी राहिली आणि त्यांच्या पोरांनाही कुणी पुढे जा म्हटलं नाही. नवरा माझ्या कोपराला हात लावत होता, तो मी झटकला. काकांनी माझ्या हातातून रेडिओ घेतला, पाकिटातून काढला, ओट्याच्या कठड्यावर ठेवला आणि लावला. डोक्यावर पंखा फिरत होता. शेजारच्या वाडीत विजेचा पंप चालू होता. रेडिओ माझ्या घरी वाजला होता अगदी तसाच वाजला. मी कुंपणाकडे वळून म्हटलं, ऐका, तुम्हीच ऐका.

सगळ्यांनी ऐकलं. ऐकू आलं नाही ते एकट्या काकांना. त्यांनी बायकोला हाक मारली, रेडिओ तिच्या कानाशी धरला आणि काहीतरी विचारलं. ती बराच वेळ ऐकत होती. मग तिने नाही अशी मान हलवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कुंपणापाशी उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा मी बघत असतानाच उतरला.

ते आत गेले आणि माझंच पैशांचं पाकीट घेऊन आले. मी चिकटवलं होतं तसंच होतं, उघडलेलंही नव्हतं. म्हणाले, "मला ऐकू येत नाही, बाई. वस्तू बिघडलेली असेल. पण जाणूनबुजून दिलेली नाही."

इथे मी थांबायला हरकत नव्हती. पैसे परत मिळाले होते, चार माणसांत माझं म्हणणं खरं ठरलं होतं. पण माझ्या तोंडाचा पट्टा सुटला की तो मलाही आवरत नाही.

"ते तुमचं तुम्हाला आणि तुमच्या देवाला माहीत," मी म्हटलं, आणि तेही त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

परत येताना बसमध्ये नवरा माझ्या शेजारी बसला नाही. उतरल्यावर एवढंच म्हणाला की त्यांनी एकदाही वाद घातला नाही, हे तुला खटकलं नाही का. मी म्हटलं, चोर कशाला वाद घालेल. पण रात्रीच्या जेवणाला मी भात जास्त लावला, त्याच्या आवडीचं पिठलं केलं.

तीन आठवड्यांनी, मे महिन्यात, एका शुक्रवारी मी ताप आला म्हणून घरी होते. दुपारी वीज गेली. आमच्या भागात शुक्रवारी बऱ्याचदा जायची, मी कचेरीत असायचे म्हणून मला ते कळायचं नाही. पडून पडून कंटाळा आला, म्हणून जुना ट्रान्झिस्टर उशाशी घेतला आणि काटा फिरवत राहिले. माझी काही अपेक्षा नव्हती.

जपान लागलं. स्वच्छ, घंटेसारखं. बाई हिंदीत बोलत होती, तिचा श्वास ऐकू येत होता. मी उठून बसले. काटा फिरवला, दुसरं लागलं, तिसरं लागलं. दोन वर्षं जो ट्रान्झिस्टर मी मेलेला समजत होते, तो दादरपेक्षाही चांगला वाजत होता. एका क्षणापुरता मला फक्त आनंद झाला. मग वीज आली. पंखा फिरला, शेजारच्या घरात टीव्ही ओरडला, जिन्यात ट्यूबलाइट फडफडली, आणि जपानच्या बाईवर घरघर चढत गेली.

मी पंखा बंद केला. मग मेन स्विचच पाडला. घरघर थोडी कमी झाली, गेली नाही. ती शेजारून येत होती, खालून येत होती, दाराबाहेरच्या केबलच्या डब्यातून येत होती, चार मजल्यांच्या सगळ्या ट्यूबलाइटींतून येत होती. इमारतच वाजत होती. रेडिओवाला म्हणाला होता ते शब्दशः खरं होतं, इकडे सगळ्यांचं असंच येतं.

आणि मग मला भुईगावचा तो बंद पंखा दिसला. काकू पुठ्ठ्याने वारा घेत होत्या. तोही शुक्रवार होता. त्यांनी पंखा लावला नव्हता, कारण वीजच नव्हती. पुढे रविवारी वीज होती, पंखा होता, पंप होता. सेट दोन्ही दिवशी तोच होता.

दुसऱ्याच दिवशी जायला हवं होतं. मी गेले नाही. आधी ताप होता, मग कचेरीत काम होतं, मग पाऊस होता, मग गणपती. खरं कारण एकच होतं. मला तो रेडिओ हवा होता, पूर्वीपेक्षा जास्त हवा होता, कारण आता मला ठाऊक होतं की शुक्रवारी रजा टाकली, नाहीतर समुद्राच्या बाजूला कुठे जाऊन बसलं, तर तो सगळं जग आणून देईल. पण मला माफी मागायची नव्हती. एवढ्या लोकांसमोर जे बोलले ते त्याच लोकांसमोर गिळायचं, हे माझ्याच्याने होणार नव्हतं. शेवटी मी युक्ती काढली. मी भाव वाढवून देणार होते. त्यांनी पहिल्यांदा सांगितला होता तो पूर्ण, वर आणखी थोडे. म्हणणार होते, मी फेरविचार केला, दुरुस्त करून घेईन, द्या. माणसाला पैसे जास्त दिले की माफी त्यातच येते, असं मला प्रामाणिकपणे वाटत होतं. मी नवऱ्यालाही तसं म्हटलं.

गणपती गेल्यावर एका शुक्रवारी मी गेले. मुद्दाम शुक्रवारच निवडला, वीज नसेल तर सेट लावून बघता येईल म्हणून. पंखा बंदच होता.

काका ओट्यावर पाट घेऊन खाली बसले होते. पुढ्यात वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर तो रेडिओ होता. म्हणजे त्याचं जे होतं ते होतं. काळं खोकं एकीकडे, पाठ एकीकडे, सर्किटची हिरवी पाटी एकीकडे, स्क्रू वाट्यांमध्ये वेगवेगळे लावलेले. शेजारी चश्मेवाल्याकडे असतात तसले बारीक पेचकस. त्यांची बोटं जाड, पाने फिरवून आणि लोखंड उचलून रुंद झालेली होती. त्या बोटांत ते पेचकस बघवत नव्हते.

मला बघून ते रागावले नाहीत. मला वाटतं ते रागावले असते तर मी जिंकले असते.

"बरं झालं आलात," ते म्हणाले. "मीच येणार होतो. पण पत्ता नव्हता."

मग त्यांनी मला सगळं नीट सांगितलं. बिघडलेली वस्तू आपल्या हातून विकली गेली, हे त्यांना चैन पडू देत नव्हतं. इंजिनातला दोष त्यांनी आयुष्यभर हाताने शोधला होता, तेव्हा हाही शोधायचा, दुरुस्त करायचा आणि माझ्या घरी आणून द्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. रोज संध्याकाळी दिवे लागले की ते सेट उघडत, काहीतरी घट्ट करत, काहीतरी साफ करत, बंद करून लावत, आणि काकूंना ऐकायला सांगत. काकू ऐकून म्हणत, आहे अजून घरघर. दुसऱ्या दिवशी ते आणखी थोडे आत जात. असे चार महिने. मग पंधरा दिवसांपूर्वी आतली कागदासारखी पातळ तारांची पट्टी त्यांच्या बोटाने फाटली. त्या संध्याकाळी काकू म्हणाल्या, घरघर गेली. दुसरं काहीच येत नव्हतं.

"आवाज नेमका कसा होता ते तुम्ही सांगा," ते मला म्हणाले. "तुम्हाला यातलं कळतं. हिला सांगता येत नाही."

पर्समध्ये माझं पाकीट होतं, वाढवलेल्या भावाचं. मी पर्सचा बंद दोन्ही हातांनी धरून बसले होते. काकू दारात उभ्या होत्या. पहिल्या दिवशी होत्या तशाच, पण त्यांनी मला पाणी विचारलं नाही.

मी म्हटलं, रेडिओ चांगला होता. अगदी हळू म्हटलं. काकांचं लक्ष वाट्यांतल्या स्क्रूंकडे होतं, त्यांना कळलंही नाही की मी काही बोलले. काकूंना कळलं.

"मोठ्याने सांगा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सांगितलंत तसं."

मी मोठ्याने सांगितलं. रेडिओ चांगला होता, त्यात काहीच बिघडलेलं नव्हतं, ती घरघर विजेची होती. पंख्याची, पंपाची, ट्यूबलाइटची. पहिल्या दिवशी वीज नव्हती म्हणून आली नाही, रविवारी वीज होती म्हणून आली. चूक माझी होती. हे सगळं मला एकेक वाक्य दोनदा ओरडून सांगावं लागलं. शेजारच्या वाडीत एक माणूस केळीचा लोंगर कापत होता, तो कोयता खाली धरून उभा राहिला. रस्त्यावरून सायकलवर चाललेले दोघं उतरले. माझा आवाज मध्येच फाटला, तरी मी बोलत राहिले, कारण काकू दारातून हलत नव्हत्या.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. वर पंख्याकडे पाहिलं. मग खाली वर्तमानपत्राकडे पाहिलं, त्या हिरव्या पाटीकडे, तिच्यातून लोंबणाऱ्या फाटक्या पट्टीकडे.

"मग मी तो उघडला कशाला, बाई?"

त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. ते ऐकण्यासाठी त्यांनी तळवा कानामागे धरला आणि माझ्याकडे पुढे वाकले.